कापसाचे कायदे आणि अमेरिकेची यादवी

अमेरिकेतले यादवी युद्ध एप्रिल १८६१ मध्ये पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस त्याच बंदरांतून जायचा. तो थांबताच लिव्हरपूलचे व्यापारी मुंबईकडे वळले.   मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाला युद्ध चालू असतानाच त्याचे पडसाद निस्तरावे लागले. हे मंडळ तेव्हा अगदी कोवळे होते. त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ ची.

इलाख्यातला कापूस पिकवणारा खानदेश त्या काळी एकच जिल्हा, कचेरी धुळ्याला. कलेक्टर अॅशबर्नर शेतकऱ्यांनी गावठी बियाणे सोडून हिंगणघाटी वाण लावावे म्हणून मागे लागलेले. भाव चढत गेले तसा रेल्वेच्या वाटेवरचा जळगाव कापसाची मोठी पेठ बनला. धुळ्याला रेल्वे आली १९०० साली, तोवर तिथला माल बैलगाड्यांवरच. आणि मुंबईहून खानदेशाकडे येणारा थळ घाटातला लोहमार्ग सुरू झाला १ जानेवारी १८६५ ला. सव्वातीन महिन्यांत दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली!

भाव चढला की भेसळ आली. नव्या कापसात जुना मिसळायचा, रुईत सरकी आणि माती राहू द्यायची, वजन वाढावे म्हणून पाणी मारायचे. पश्चिम हिंदुस्थानातल्या सगळ्याच कापसाला इंग्लंडात ‘सुरत’ म्हणत, आणि हा शब्द तिथे इतका बदनाम झाला की ‘सुरत’ म्हटल्याबद्दल एका दारू गाळणाऱ्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८६३ च्या नवव्या कायद्याने मुंबईच्या मंडळाने भेसळ हा गुन्हा ठरवला, तपासनीस नेमले आणि त्यांचा खर्च गाठींवरच्या फीतून काढला. असा कायदा १८२९ सालीही झाला होता. नुसत्या कायद्याने रुई स्वच्छ होत नाही, हे तेव्हाच दिसले होते.

युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईत कापसाच्या पैशावर केलेल्या शेअरांच्या वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ ला भरली आणि पेढ्या बुडू लागल्या. सट्ट्याचे करार कोर्टात टिकू नयेत म्हणून मुंबईच्या मंडळाने त्याच वर्षी तिसरा कायदा केला. दिवाळे निघालेल्यांचे व्यवहार लवकर मिटावेत यासाठी गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाने अठ्ठाविसावा कायदा केला. म्हणजे व्यापाऱ्यांची सोय वर्षाच्या आत झाली. जळगावच्या पेठेलाही जबर फटका बसला, पण ती पुढे सावरली.

शेतकऱ्याचे तसे नव्हते. भाव पडला तरी तेजीत घेतलेले कर्ज आणि त्यावरचे व्याज तसेच राहिले. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हा सरकार हलले. दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला १८७९ साली, म्हणजे युद्ध संपून चौदा वर्षांनी. त्यात पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर एवढेच जिल्हे होते. कापसाने ज्याचे नाव गाजवले तो खानदेश त्यात नव्हता. हा कायदा साऱ्या इलाख्याला लागू व्हायला १९०५ साल उजाडले.