तपकिरी रंगाचा निवाडा

छत्रपती संभाजीनगरात ‘तुकडा पाठवलाय’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. गाठीचा छोटा भाग पॅथॉलॉजीकडे गेला आहे आणि घरचे रिपोर्टची वाट पाहताहेत. १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे घाटी, आणि आमखास मैदानाजवळ २०१२ पासून चालू असलेलं शासकीय कर्करोग रुग्णालय, या दोन्ही ठिकाणी मराठवाड्याबरोबर खानदेश-बुलढाण्याकडचेही रुग्ण येतात. त्यांपैकी काहींच्या रिपोर्टखाली एक ओळ असते : ‘आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) करावे.’ इथून पुढे खर्च वाढतो, दिवस वाढतात आणि नातेवाइकांना प्रश्न पडतो, कॅन्सर आहे हे कळलं, मग आता आणखी काय तपासायचं?

प्रश्न रास्त आहे. तंबाखू-गुटख्याने होणारा तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे नित्याचा, आणि तो बहुतेक वेळा नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगातच ओळखता येतो. तिथे आयएचसीची गरज क्वचितच. अडतं ते मानेतल्या एखाद्या गाठीपाशी. सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या गोल, गडद निळ्या पेशी दिसतात. त्या बिघडलेल्या आहेत हे नक्की, पण मूळच्या कुठल्या, ते चेहऱ्यावरून सांगता येत नाही. मग प्रतिपिंडांना, म्हणजे अँटिबॉडींना कामाला लावतात; हीच आयएचसी. प्रत्येक अँटिबॉडी ठरावीक प्रथिनालाच चिकटते. सायटोकेरॅटिन सापडलं तर बहुधा कार्सिनोमा, सीडी४५ सापडलं तर लिम्फोमा, एस१०० आणि एचएमबी४५ दोन्ही असतील तर मेलानोमाचा संशय. या तिघांची औषधं वेगळी. लिम्फोमा ठरला तर अनेकदा मोठी शस्त्रक्रिया टळून केमोथेरपीनेच काम भागतं.

या कल्पनेचं मूळ १९४१ मधलं. अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडून न्यूमोकॉकसचे जंतू शोधले. योगायोग असा की त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं, आणि तिथली पॅथॉलॉजी उभी केली वसंत रामजी खानोलकरांनी. मात्र कून्सची पद्धत रोजच्या कामाची व्हायला बराच काळ गेला. साठच्या दशकात चमकणाऱ्या रंगाऐवजी पेरॉक्सिडेज हे विकर जोडणं जमलं, त्यामुळे साधा सूक्ष्मदर्शक पुरू लागला. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीच्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवण्याची युक्ती काढली. १९८४ चं नोबेल त्यासाठीच. तरी एक अडचण उरलीच होती. फॉर्मेलिनमध्ये राहिलेल्या तुकड्यातली प्रथिनं एकमेकांत अडकून बसतात आणि अँटिबॉडीला जागाच सापडत नाही. १९९१ मध्ये त्यावर उपाय निघाला, तोही किती घरगुती : स्लाइड उकळत्या द्रावणात तापवा.

म्हणूनच आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगशाळांत आजही प्रेशर कुकर दिसतो. तुकडा बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप निघतो, कोमट पाण्यावर तरंगतो आणि टेक्निशियन तो अलगद काचेवर उचलून घेतो. मेण उतरवून स्लाइड सायट्रेटच्या द्रावणात बुडते, कुकरची शिटी होते. गार झाल्यावर तुकड्याभोवती मेणकट पेनाने रिंगण काढतात, म्हणजे महागड्या अँटिबॉडीचा थेंब बाहेर पसरत नाही. झाकणाच्या ओलसर डब्यात अर्धा-पाऊण तास स्लाइड तशीच ठेवायची, धुवायची, दुसरी अँटिबॉडी घालायची, पुन्हा धुवायची. शेवटी डीएबी हे रंग देणारं रसायन. काही मिनिटांत, जिथे प्रथिन आहे तिथेच तपकिरी रंग चढतो. बाकीच्या पेशी हिमॅटॉक्सिलिनने निळसर.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर या रंगावरच उपचार ठरतात. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. शंभरातल्या एका पेशीचं केंद्रक तपकिरी झालं तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह, आणि टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी देता येते. हर-२ हे प्रथिन मात्र पेशीच्या कडेवर पाहायचं. गडद, सलग, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखा रंग दिसला की ३+ हा गुण, म्हणजे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध. २+ आला की पुढची फिश तपासणी, म्हणजे हर-२च्या जनुकाची.

इतकं सगळं करूनही उत्तर चुकू शकतं, आणि बहुतेकदा चूक कुकरच्या कितीतरी आधी झालेली असते. गाठ काढली त्या ऑपरेशन थिएटरमध्ये. तुकडा तासाभरात फॉर्मेलिनमध्ये जायला हवा. द्रावण दहा टक्क्यांचं, बफर घातलेलं, आणि तुकड्याच्या किमान दहापट. त्यात तो सहा ते बहात्तर तास राहावा. फॉर्मेलिन आत शिरतं तासाला जेमतेम मिलिमीटरभर, म्हणून मोठी गाठ कापून ठेवावी लागते. लहानशा बरणीत कोंबलेला, सलाइनमध्ये ठेवलेला किंवा रविवार मधे आला म्हणून पडून राहिलेला तुकडा बाहेरून ठीकठाक दिसतो. ईआर मात्र त्यात मरून गेलेला असतो आणि रिपोर्ट येतो निगेटिव्ह. बाईला मिळू शकणारी गोळी मिळत नाही. शेजारच्या निरोगी दुग्धनलिकांच्या पेशींवर रंग चढला आहे का, हे जाणकार पॅथॉलॉजिस्ट आधी बघतो. तिथेही कोरं असेल तर तो निकालावर सही करत नाही. बरणीच्या लेबलावर गाठ काढल्याची वेळ लिहिणं हे कुणालाच मोठं काम वाटत नाही, पण लाखांच्या यंत्राइतकाच या तपासणीचा भार त्या लेबलावर आहे.

दुसरं मत घ्यायला परळला निघालेले नातेवाईक मेणाचा ब्लॉकही सोबत नेतात, कारण तिथे स्लाइडबरोबर तोही मागतात. नखाएवढा तुकडा धरून ठेवलेला हा ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्याचा उपयोग आता वाढला आहे. २०२२ मध्ये ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकन हे औषध पसरलेल्या स्तनकर्करोगातल्या हर-२ १+ असलेल्या रुग्णांनाही लागू पडतं असं दिसून आलं. तोवर १+ म्हणजे निगेटिव्हच धरत. औषध अतिशय महाग आहे, सरसकट कुणाच्या आवाक्यातलं नाही. तरी जुने ब्लॉक कपाटातून काढून पुन्हा कापले जाताहेत, आणि शून्य की १+ यावर दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होणं अवघड जातं आहे.