विहिरीचे पाणी मूळचे कोठले?

प्रवरा कालव्यालगतच्या विहिरीत शिवारातील पाऊस मुरतो की भंडारदरा धरणाचे पाणी पाझरते, हे नुसते पाहून कळत नाही. पाण्यातील समस्थानिकांवरून मात्र ते ओळखता येते.

पाण्यातील सुमारे ५०० ऑक्सिजन अणूंमागे एक अणू जड असतो. त्यास ऑक्सिजन-१८ म्हणतात. जलाशयात बाष्पीभवन होताना हलके अणू आधी उडतात व जड अणूंचे प्रमाण वाढते. म्हणून पाऊस, कालवा व विहीर यांचे नमुने ताडून पाहावेत. अनेक विहिरींची नोंद नकाशावर मांडल्यास पाझर कोठवर पोचतो ते दिसते.

ट्रिटियम हे किरणोत्सारी समस्थानिक १२.३ वर्षांत निम्मे होते. खोल बोअरच्या पाण्यात ते जवळजवळ नसल्यास पाणी साधारण १९५० पूर्वी मुरलेले समजावे. असा साठा उपसल्यावर लवकर भरत नाही.

ही तपासणी नेहमीच्या माती-पाणी प्रयोगशाळेत होत नाही. ती गावाने मिळून करून घ्यावी. बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे, अन्यथा बाष्पीभवनाने निष्कर्ष चुकतो.

विहीर पाझरावर असल्यास आवर्तन लांबताच तीही खालावते. हे ध्यानी घेऊनच उसाचे क्षेत्र ठरवावे.