ओढा घरी आणायचा कसा?

मंचरहून घोडेगाव, डिंभे करत तळेघरला पोचलो, की आमच्या सौभाग्यवतींचा प्रवास संपतो. पूर्वी ती माझ्याआधी ओढ्यात उतरायची. आता गुडघे ऐकत नाहीत. मग ती हॉटेलच्या बाकावर चहा घेत बसते आणि मी कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून रानात शिरतो. निघताना तिचं एकच फर्मान असतं, "ओढा घेऊन या!"

पहिल्या पावसाळ्यात तो मी आणला, असं मला वाटलं होतं. त्यासाठी २४ मिलिमीटरची वाइड अँगल लेन्स मुद्दाम घेतली होती. डावीकडचा हिरडा, उजवीकडची करवंदीची जाळी, वरचं पांढरं आभाळ, मधे पाणी; सगळं छान बसलं. मोठी प्रत काढली. तिनं चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाली, "सगळं आहे हो. पण ओढा कुठाय?"

वाइड अँगल म्हणजे जास्त सामान मावणारी पिशवी, हा माझा समज. प्रत्यक्षात ही लेन्स अगदी जवळचं मोठं दाखवते आणि लांबचं आणखी लांब ढकलते. दूर उभं राहिलं, की कानात घुमणारी धार फोटोत दोऱ्याएवढी उरते. बँकेत कर्जाच्या अर्जावर 'नाही' लिहिण्यात माझी हयात गेली. पण रानातल्या एकाही झाडाला मला नाही म्हणता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी आधी एक धोंडा निवडला. शेवाळलेला, पाणी ज्याला वळसा घालून जातं असा. ट्रायपॉडचे पाय पसरून कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणला आणि धोंड्यापासून तीन-साडेतीन फुटांवर ठेवला. फार झुकवला तर कडेची झाडं बाहेर कलंडतात, हेही कळलं. आभाळ चौकटीबाहेर काढलं. जवळचं आणि लांबचं, दोन्ही रेखीव हवं असेल तर लेन्सचं छिद्र लहान लागतं. अमेरिकेत १९३२ साली ॲन्सेल ॲडम्स आणि त्याच्या मित्रांनी आपल्या गटाचं नावच अशा बारीक छिद्रावरून 'एफ ६४' ठेवलं होतं. आपल्याला एफ ११ पुरतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाच्या कॅमेऱ्यात, २४ च्या लेन्सनं सहा फुटांवर फोकस केला, की तीन फुटांपासून पार डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं.

राहिला उजेड. उन्हात पाणी पांढरंफटक आणि सावली काळीकुट्ट. म्हणून ढगाळ वेळ बरी. ओल्या पानांवरची चकाकी घालवायला पोलरायझर फिल्टर लावला. तो फिरवला, की पानांचा खरा हिरवा रंग उघडतो. मला हाव सुटली आणि तो शेवटपर्यंत फिरवला. शटर पाच सेकंद उघडं ठेवलं. पाण्याचं दूध झालं, वाऱ्यानं पानं पुसली गेली. घरी ऐकलं, "यंदा पाऊस नव्हता का? धोंडा कोरडा दिसतोय."

तिचं बरोबर होतं. दगडाचा ओलेपणा डोळ्याला कळतो तो त्या चकाकीमुळेच, आणि ती मीच पुसून टाकली होती.

तिसऱ्या वर्षी फिल्टर अर्ध्यावर थांबवला, शटर पाव सेकंदावर आणलं. पाण्याच्या लडी सुट्या दिसू लागल्या. वारा पडेपर्यंत छत्रीखाली तसाच उभा राहिलो. प्रत आली तेव्हा ती काही बोलली नाही. बराच वेळ पाहत राहिली. मग त्या धोंड्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे पाय देऊ नका हं. शेवाळ आहे, घसराल."