धूर, धान आणि गणित : बॉयलरचा धूर संगणकावर कसा मांडतात

मुर्रीत येऊन बॉयलरवर बोलायचं, आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर, याची काहींना गंमत वाटेल. पण धूर आणि आग हा आमच्या शास्त्राचा फार जुना विषय आहे. न्यायदर्शनात अनुमानाचं उदाहरण ठरलेलं असतं : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग असणार, जसं आपण स्वयंपाकघरात पाहतो. याच्या उलट मात्र नैयायिक चालू देत नाहीत. आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग आहे, धूर नाही. मग धूर कधी? ओल्या इंधनाशी गाठ पडली की. या लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या परंपरेत पोरांना हे पहिल्या वर्षी शिकवत.

संगणकावरचं प्रारूप, ज्याला आपण सरळ मॉडेल म्हणू, ते हा उलटा प्रवास करतं. आगीकडून धुराकडे. इतकं इंधन जाळलं तर धूर किती, आणि तो कुणाच्या अंगणात पडेल? त्यामुळे त्याला सगळ्या उपाधी सांगाव्या लागतात. एक विसरली तरी उत्तर येतंच, आणि तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. मला भीती त्या दशांश चिन्हाची वाटते.

आता आपल्याकडचं बघू. गोंदिया म्हणजे धान, आणि धान म्हणजे राईस मिल. अरवा तांदळाला बॉयलर लागत नाही. उसना करायचा तर धान गरम पाण्यात भिजवा, वाफ द्या, वाळवा, मग भरडा. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरला खाऊ म्हणून त्याच धानाचा भुसा. शंभर किलो धानातून साधारण वीस-बावीस किलो भुसा निघतो. इंधन घरचंच असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी ते कुणी मोजत नाही. जे मोजलं जात नाही, ते मॉडेलमध्ये अंदाजाने भरलं जातं.

आणि हा भुसा ओला असला तर? अगदी कोरड्या भुशात किलोमागे ३,६०० किलोकॅलरी उष्णता धरू. त्यात १० टक्के पाणी असेल तर हाती सुमारे ३,१८० येतात, कारण पाण्याच्या वजनाला उष्णता नाहीच, शिवाय त्याची वाफ करायला प्रत्येक किलोमागे सहाशेच्या आसपास खर्च होतात. पाणी २५ टक्के झालं की उरतात २,५५०. म्हणजे तेवढ्याच वाफेसाठी वजनाने पंचवीस टक्के जास्त भुसा टाकावा लागतो. वर भट्टी थंड पडते, जळण अर्धवट होतं आणि धुराडं काळं ओकू लागतं. नैयायिकांची ओल्या इंधनाची अट ती हीच. पावसात उघड्यावर पडलेला ढीग आणि शेडखालचा ढीग मॉडेलच्या रकान्यात मात्र एकच असतो : ‘भुसा’.

इंधनाचा हिशेब तसा सोपा आहे. दिलेल्या उष्णतेतून तोटे वजा करत जायचं. धुराड्यातून जाणारी गरमी, ओलावा, न जळलेला कोळ, भिंतींतून झिरपणारी उष्णता. वायूचं तापमान २२ अंशांनी उतरवलं तर साधारण एक टक्का इंधन वाचतं, बॉयलरला घातलेलं पाणी ६ अंशांनी जास्त गरम असलं तरी तितकंच. हा भाग मालकाला लगेच पटतो, कारण पैसे त्याचे असतात.

धुराचं तसं नाही. तो खर्च दुसऱ्याच्या अंगावर पडतो. भुशात १५ ते २० टक्के राख, आणि त्या राखेत बहुतेक सिलिका. समजा एक मिल तासाला ५०० किलो भुसा जाळते आणि राख १८ टक्के. झाली ९० किलो. त्यातली ३० टक्के वायूबरोबर उडाली असं धरू, म्हणजे २७ किलो. पुढे सायक्लोन बसवलेला आहे, तो ८० टक्के पकडतो. बाहेर गेली ५.४ किलो. आता सायक्लोन झिजला, खालून हवा शिरू लागली आणि पकड ६० टक्क्यांवर आली. ऐकायला फरक वीस टक्क्यांचा. पण बाहेर जाते १०.८ किलो, बरोबर दुप्पट! कागदावर सायक्लोन नवा असतो, मुर्रीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांना तो जुना झालेला कळतो.

ही राख कुठे पडेल, ते काढायला गाउसचं सूत्र वापरतात. धुराचा लोट वाऱ्याबरोबर जातो आणि घंटेच्या आकारात आडवा-उभा पसरतो, अशी कल्पना. हवा किती घुसळते यावरून पास्क्विल यांनी १९६१मध्ये अ ते फ अशा सहा पायऱ्या मांडल्या, उन्हातली दुपार एका टोकाला, थंड रात्र दुसऱ्या. जमिनीवरचं सर्वांत जास्त प्रमाण धुराड्याच्या उंचीच्या वर्गाने कमी होतं. उंची दुप्पट केली तर ढोबळमानाने प्रमाण पाव. (धूर गरम असल्याने तो तोंडातून निघाल्यावर आणखी वर जातो, ती उंचीही धरायची.) राख मात्र तितकीच बाहेर पडते. फक्त जास्त लोकांत थोडी थोडी वाटली जाते.

सूत्रात वाऱ्याचा वेग छेदात आहे. वारा जितका मंद तितका धूर दाट, हे ठीक. पण वेग शून्य झाला तर? शून्याने भागता येत नाही. म्हणून ‘एईआरमॉड’ हे अमेरिकेत २००५पासून अधिकृत असलेलं मॉडेल, आणि त्याच्या आधीचंही, निव्वळ शांत तास गणतीतून वगळतं. गणिताच्या दृष्टीने यात लबाडी काही नाही. पण आमच्याकडे बघा. खरिपाचं धान मिलवर येतं नोव्हेंबर-डिसेंबरात, बॉयलर तेव्हा जोरात. त्याच महिन्यांतल्या पहाटे वारा पडलेला, थंड हवा खाली बसलेली, धूर वर जायला तयार नाही. म्हणजे म्हातारी माणसं ज्या तासात खोकतात, तोच तास सरासरीत नाही. एका प्रकल्पाच्या अहवालात, नाव घेत नाही, मी हे स्वतः शोधलं होतं : वगळलेल्या तासांची संख्या परिशिष्टात होती, निष्कर्षात नव्हती.

आणखी एक गोष्ट. तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत, एकूण ३,३०० मेगावॅट. असा औष्णिक प्रकल्प २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत येतो, तिथे मॉडेल करावंच लागतं. राईस मिल त्या यादीत नाही. एकेक मिल बघितली तर ते समजण्यासारखं आहे, लहान उद्योगावर किती कागद लादायचे? पण या सूत्राचा गुण असा की वेगवेगळ्या धुराड्यांचं प्रमाण सरळ बेरजेने मिळतं. वीस मिलींची बेरीज करायला संगणकाला काही सेकंद लागतात. ती बेरीज करायची कुणी, हा प्रश्न संगणकाचा नव्हे. माझ्या मते तो मिलमालकांच्या संघटनेने आणि ग्रामपंचायतीने एकत्र घ्यावा. भुसा वाचला तर मालकाचाही फायदाच आहे, त्यामुळे भांडण लागायचं कारण मला दिसत नाही.

मघाशी मागे बसलेल्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवली : आमच्याकडे यंत्र नाही, मग आम्ही काय करायचं? ताई, एक स्टीलचं ताट घ्या. गच्चीवर आडोसा नसलेल्या जागी ठेवा, रोज एकाच वेळी पडलेली राख कोरड्या ब्रशने कागदावर काढा, सोनाराच्या काट्यावर वजन करा. ओली झाली तर तसं लिहा. शेजारी काठीला एक फडकं बांधा आणि सकाळ-संध्याकाळ वारा कुठून येतो ते वहीत टिपा, मिल चालू होती की बंद तेही. नोव्हेंबर ते जानेवारी, तीन महिने. मॉडेल करणाऱ्याला ताडून बघायला असली वही क्वचितच मिळते. आणि ज्या दिवशी फडकं हललं नाही, त्या दिवशी रकाना रिकामा सोडू नका. ‘शांत’ असं लिहा.