बोयीच्या बीजाची पारख आणि गुणसूत्रांवरील पट्टे

शास्त्री नदी जयगडजवळ समुद्रास मिळते. अशा खाडीच्या उथळ पाण्यात बोयीची पिल्ले थव्याने वावरतात. ती पकडून खाजणातील तळ्यात सोडल्यास निमखाऱ्या पाण्यातही वाढतात. परंतु एकाच थव्यात अनेक जातींची पिल्ले असू शकतात. त्यांपैकी काही जाती मोठ्या होतात, काही लहानच राहतात. लहान वयात हा भेद अनुभवी कोळ्यासही सहज उमगत नाही. बीज मिश्र निघाल्यास शेतकऱ्याचे श्रम व खाद्य वाया जाते.

जातीची खात्री करण्याचा एक मार्ग म्हणजे गुणसूत्रांची परीक्षा. आनुवंशिक गुण वाहून नेणारे हे सूक्ष्म धागे प्रत्येक पेशीत असतात. रोहू, कटला व मृगळ यांत ते ५०, तर सायप्रिनस माशात सुमारे १०० असतात. बोयीच्या बहुतेक परीक्षित जातींत मात्र ते ४८ असून आकारानेही सारखेच दिसतात. म्हणून नुसती मोजणी पुरत नाही. गुणसूत्रांवर पट्टे उमटवावे लागतात.

याकरिता जिवंत माशास कोल्चिसीन टोचतात. त्यामुळे विभाजन पावणाऱ्या पेशी मध्येच थांबतात. काही तासांनी मूत्रपिंडातील पेशी काढून सौम्य क्षारद्रावणात फुगवितात आणि तीन भाग मिथेनॉल व एक भाग ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात स्थिर करून काचपट्टीवर पसरतात. बेरियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करून गिम्सा रंग दिल्यास गुणसूत्रांचे काही ठराविक भाग गडद दिसतात. सिल्व्हर नायट्रेट वापरल्यास रायबोसोम घडविणाऱ्या जनुकांची कार्यरत जागा काळी पडते. बोयीच्या निरनिराळ्या जातींत ही जागा निरनिराळ्या गुणसूत्रांवर आढळते. माणसाच्या गुणसूत्रांवर उमटणारे बारीक आडवे पट्टे माशात स्पष्ट येत नाहीत. म्हणून या दोन पद्धतींचे महत्त्व अधिक.

ही परीक्षा तळ्याच्या बांधावर होणारी नव्हे, आणि तीत मासा मारावा लागतो. टोपलीभर बीज निवडणे तिचे काम नाही. जातीचा पक्का निर्णय देऊन, डोळ्यांना दिसणारी ओळखचिन्हे खरी की खोटी हे पडताळून पाहणे हा तिचा उपयोग होय.

ग्रामसेवकांनी ध्यानात ठेवावे की, मेलेला अगर बर्फातील मासा या परीक्षेस निरुपयोगी ठरतो. नमुना जिवंत असावा आणि खाडीचे नाव, दिनांक व पाण्याचा खारेपणा यांची नोंद सोबत असावी. शंका असल्यास बीज तळ्यात सोडण्यापूर्वीच रत्नागिरीजवळील शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयाचा सल्ला घ्यावा. तळे भरल्यावर निवड करणे कठीण. त्यापूर्वीची चौकशी स्वस्त पडते.