गप्प झालेले मूल

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमधील पुष्कळ रुग्णालयांत मुलांना आईवडिलांची भेट क्वचितच मिळे. एकटे ठेवलेले दोन वर्षांचे मूल प्रथम आईसाठी आकांत करी. काही दिवसांनी ते गप्प होई. ‘आता रुळले’, असे मग समाधानाने म्हटले जाई.

जॉन बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांना या शांततेचा निराळाच अर्थ उमगला. अशा मुलात आक्रोश, निराशा व अलिप्तता या तीन अवस्था क्रमाने दिसतात, असे त्यांनी दाखविले. अखेरच्या अवस्थेत मूल जेवते, खेळते, कोणाकडेही जाते. परंतु आई आली असता तिच्याकडे पाठ फिरविते. १९५२ साली त्यांनी, आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या सुमारे अडीच वर्षांच्या मुलीवर एक चित्रपट तयार केला. अनेक डॉक्टरांना तो रुचला नाही. तथापि १९५९ च्या प्लॅट समितीने आईवडिलांना भेटीची पूर्ण मुभा असावी आणि लहान मुलाजवळ आईला राहता यावे, अशी शिफारस केली.

रडणारे मूल आपले दुःख निदान सांगत तरी असते. ज्याने सांगणेच सोडले आहे, त्याची काळजी अधिक वाहिली पाहिजे.