तगाई, तहकुबी आणि सूट

पीक बुडालें असतां सरकारनें रयतेस केलेल्या मदतीचे उल्लेख जुन्या दप्तरांत वारंवार येतात. परंतु या मदतीचे प्रकार भिन्न आहेत, व ते एकच समजल्यास राज्यकर्त्यांच्या औदार्याविषयीं चुकीचें अनुमान निघतें. तगाई म्हणजे बीं, बैल, अवजारें किंवा विहीर यांसाठीं दिलेलें कर्ज. तहकुबी म्हणजे साऱ्याची वसुली पुढें ढकलणें. आणि सूट म्हणजे सारा कायमचा सोडणें. पहिल्या दोहोंत रक्कम रयतेच्या अंगावर राहतेच. तिसऱ्यांतच तिचें ओझें खरोखर उतरतें.

तगाईचें एक स्पष्ट उदाहरण शिवछत्रपतींनीं ५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेल्या पत्रांत सांपडतें. ज्यापाशीं माणसें आहेत पण बैल नाहींत, त्यास बैलांकरितां रोख पैका व पोटास दाणा द्यावा. वाढ न घेतां मुद्दल तेवढें, त्यास शक्ति येईल तसतसें, घ्यावें. याकामीं दोन लाख लारीपर्यंत पैसा लागला तरी चालेल, असा त्याचा आशय आहे. हें कर्जच होय. मात्र फेडीची मुदत रयतेच्या ऐपतीवर ठरे.

इंग्रजी अमलांत १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि लगेच १८७६-७८ चा दुष्काळ आला. त्यानंतर तगाईचे दोन कायदे झाले. १८८३ च्या कायद्यानें विहिरीसारख्या कायम सुधारणांस, व १८८४ च्या कायद्यानें बीं, गुरें आणि आपत्तिनिवारण यांस कर्ज मिळूं लागलें. हप्ता थकल्यास तें साऱ्याच्या बाकीप्रमाणें वसूल करतां येई.

तहकुबीचा निर्णय आणेवारीवर होई. पूर्ण पीक सोळा आणे धरून त्या मानानें हंगामाचा अंदाज करीत. या अंदाजावर किती अवलंबून असे, हें खेडा जिल्ह्याच्या प्रकरणावरून दिसतें. १९१७ च्या अतिवृष्टीनें तेथील पिकें बुडालीं. पीक चार आण्यांहून कमी भरल्यास त्या वर्षाचा सारा तहकूब करावयाचा नियम होता. तें कमी भरलें असें रयत म्हणे. अधिकारी तें अधिक धरीत. भारत सेवक समाजाच्या देवधर, जोशी व ठक्कर यांनींहि तेथें चौकशी केली. अखेर २२ मार्च १९१८ रोजीं गांधींनीं नडियाद येथें सत्याग्रह पुकारला. जूनमध्यें, ऐपतदारांनीं सारा भरावा व गरिबांस तहकुबी मिळावी, अशी तडजोड झाली. एवढा लढा सुटीसाठीं नव्हता, केवळ तहकुबीसाठीं होता, हें ध्यानीं घ्यावें.

दशमान नाण्यानंतर आणेवारीस पैसेवारी हें नांव पडलें. आज आपत्तिनिवारण निधींतून दर हेक्टरीं मिळणारें अनुदान परत करावयाचें नसतें, हा मोठा फरक होय. पण पिकाचें नुकसान ३३ टक्के वा अधिक भरलें तरच तें मिळतें. म्हणजे मोजणारा कोण, हा जुना प्रश्न पंचनाम्याच्या रूपानें राहिलाच आहे.

यास्तव संशोधकानें दप्तरांत मदतीची रकम दिसतांच थांबूं नये. पुढील वर्षांच्या वसुलींत ती पुन्हा दिसते कीं काय, तें पाहावें. रयतेस खरोखर काय मिळालें, तें तेथेंच कळतें.